गोरज मुहूर्तावर बाहेर पडणाऱ्या गाई

लग्नपत्रिकेवर ‘गोरज मुहूर्त’ हे शब्द आपण सगळ्यांनीच वाचलेत. दिवसभर रानात चरलेली गुरं संध्याकाळी घराकडे वळतात, त्यांच्या खुरांनी उडालेली धूळ मावळतीच्या उन्हात तरंगत राहते, ती ही वेळ. दिवसा रान आणि रात्री गोठा, हे गाईचं वेळापत्रक आपल्या भाषेतच मुरलेलं आहे. त्याबद्दल शंका घ्यावी असं कधी कुणाला वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं.

म्हणूनच कॅनडातल्या एका प्रयोगाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते वाक्य मी दोनदा वाचलं. तिथे दुभत्या गाईंसाठी गोठ्याचं आणि कुरणाचं अशी दोन्ही दारं चोवीस तास उघडी ठेवली होती. जायचं कुठे आणि थांबायचं किती, हे गाईंनी ठरवायचं. गाईंनी आपल्या समजुतीच्या बरोबर उलट केलं. दिवसाचा बराच वेळ त्या गोठ्यात राहिल्या. संध्याकाळची धार झाली की बाहेर पडायच्या आणि सकाळच्या धारेपर्यंत कुरणात. आपल्या गाई गोरजाला घरी येतात, या त्याच वेळेला घराबाहेर जात होत्या.

हे मी मामाला सांगितलं. मामा जुन्नर तालुक्यात राहतो आणि त्याच्याकडे चौदा होल्स्टीन संकरित गाई आहेत. तो म्हणाला, “रात्री बाहेर सोडल्यावर बिबट्या काय उपास करणारे का?” मग थोडा वेळ थांबून म्हणाला, “आन् आपली गाय संध्याकाळी घरी येती ती काय गोठा आवडतो म्हणून? वासरू बांधलेलं असतं, कास ताठलेली असती, पाटीत आंबोण असतं. तुला कामावरून घरी जायला आवडतं म्हणजे काय घराच्या भिंती आवडतात का?”

मामाचा हा दुसरा मुद्दा या सगळ्या विषयाची गाठ आहे. गाय कुठे गेली हे कुणीही मोजू शकतं. ती तिथे *कशासाठी* गेली, हे शोधण्यात संशोधकांची दोन दशकं गेली.

विचारायचं कसं

जनावराला काय हवं ते जनावरालाच विचारावं, ही कल्पना गाईंच्या आधी कोंबड्यांवर वापरली गेली. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीने पाळीव जनावरांच्या संगोपनावर अहवाल दिला. पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षटकोनी जाळी वापरू नये, असं त्यात म्हटलं होतं. तशी जाळी कोंबडीच्या पायाला टोचत असणार हा त्यामागचा अंदाज. काही वर्षांनी, १९७३ मध्ये, दोन संशोधकांनी कोंबड्यांपुढे वेगवेगळ्या जाळ्या ठेवून त्यांनाच निवडू दिलं. कोंबड्यांनी नेमकी ती बारीक षटकोनी जाळी पसंत केली. समितीचा हेतू चांगला होता, पण अंदाज माणसांचा होता.

गाईंचा प्रयोग याच धर्तीवर चालतो. दोन जागा, मध्ये उघडी वाट, आणि रात्रंदिवस चालणारे कॅमेरे. ऐकायला इतकं सोपं, पण त्यात खाचखळगे खूप.

सुरुवातीला सांगितलेला प्रयोग ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या अगासी इथल्या दुग्धशाळेत झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे मरीना फॉन कायझरलिंक आणि डॅनियल वीरी यांचा गट होता. गाई पंचवीस, पाच-पाचच्या गटांत. आधी प्रत्येक गटाला नुसत्या गोठ्यात आणि नुसत्या कुरणात ठेवून दोन्हीची ओळख करून दिली, कारण जे पाहिलंच नाही त्यातून निवड कशी करणार? मग दारं उघडली.

तिकडचा गोठा म्हणजे आपल्यासारखी दावण नव्हे. छताखाली गाई मोकळ्या फिरतात आणि बसण्यासाठी पाइपांनी आखलेले कप्पे असतात, रेल्वेच्या बर्थसारखे. कुठलाही रिकामा कप्पा कुणीही घ्यावा. समोर गव्हाण. गव्हाणीत टीएमआर, म्हणजे मुरघास, वाळली वैरण, धान्य, पेंड आणि खनिजं एकत्र कालवलेला खुराक. कुरणात मात्र फक्त गवत. पंचपक्वान्नाचं ताट गोठ्यात आणि बाहेर नुसती भाजी, असं म्हणा. तरीही चोवीस तासांपैकी सरासरी तेरा तास या गाई बाहेर होत्या आणि त्यातला बहुतेक वेळ रात्रीचा होता.

दिवसाचं ऊन आणि दमटपणा वाढला की बाहेरचा वेळ घटायचा. पाऊस आला की घटायचाच.

म्हणजे ‘गाईला गोठा आवडतो की कुरण?’ या प्रश्नाचं गाईने दिलेलं उत्तर असं: किती वाजलेत ते सांग, ऊन किती आहे ते सांग, पाऊस पडतोय का ते सांग, मग सांगते.

एकाच कॉलेजची तीन उत्तरं

इंग्लंडमध्ये श्रॉपशायर परगण्यात हार्पर अ‍ॅडम्स हे शेतीचं जुनं कॉलेज, आता विद्यापीठ आहे. तिथे जेम्मा चार्लटन आणि स्टीव्हन रटर यांनी असेच प्रयोग केले. एका प्रयोगात गाईंनी दहातले नऊ तास गोठ्यातच काढले. वर्तमानपत्राला मथळा मिळावा असा निकाल: ‘गाईंना कुरण नकोच!’ त्याच कॉलेजातल्या दुसऱ्या प्रयोगात आकडा उलटा झाला, गाई सत्तर टक्क्यांच्या आसपास वेळ बाहेर. तिसऱ्यात साठच्या जरा खाली.

हे वाचून कुणी म्हणेल की या शास्त्राला काही अर्थ नाही. मला उलट वाटतं. एकाच माणसाला चहा की सरबत हे जानेवारीत आणि मे महिन्यात विचारा, उत्तर वेगळं येईल. त्यावरून माणूस खोटारडा ठरत नाही. हवा बदलली, गवताची उंची बदलली, गाय किती दूध देते, अंगाने भरलेली आहे की उतरलेली, लंगडते का, वासरू असताना कुरण पाहिलं होतं का, या प्रत्येक गोष्टीने निवड हलते. ज्या कालवडी कधीच चरलेल्या नाहीत त्यांना पहिल्यांदा कुरणात सोडलं तर काही वेळ त्या नुसत्या उभ्या राहतात. गवत तोंडाने ओढून तोडायचं असतं, हे त्यांना जाणत्या गाईंकडे पाहून लवकर उमगतं.

तिसऱ्या प्रयोगातली गोष्ट मला फार आवडली. त्यात कुरण कधी साठ मीटरवर, कधी एकशे चाळीस, तर कधी दोनशे साठ मीटरवर ठेवलं. तिथे पोचायला चालावं लागणार. दिवसा अंतर वाढलं तसं गाईंचं बाहेर जाणं कमी झालं. ‘एवढ्यासाठी कोण तंगडतोड करणार’ असा हिशोब. रात्री मात्र साठ काय आणि दोनशे साठ काय, फरकच पडला नाही. अंतर ही गाईने मोजलेली किंमत धरली, तर दिवसाचं कुरण तिला स्वस्तात मिळालं तर हवं होतं आणि रात्रीचं कुरण कुठल्याही भावाने हवं होतं.

फाटकाचा भाव

इथे पसंती आणि गरज यांतला फरक येतो. मला आमरस आणि बासुंदीत आमरस आवडतो, पण नाही मिळाला तर मी दार फोडणार नाही. गाईसाठी कुरण म्हणजे आमरस आहे की भाकरी? हे नुसत्या उघड्या दारातून कळत नाही. त्यासाठी दार जड करावं लागतं.

ब्रिटिश कोलंबियाच्याच गटाने तेही केलं, निकाल २०१७ मध्ये आला. एक फाटक तयार केलं जे गाईने डोक्याने ढकललं तर उघडतं. गाई हे चटकन शिकतात. ढुशी मारणं हा तसाही त्यांचा हातखंडा. मग फाटकाला वजन बांधायचं आणि ते दर खेपेला थोडं थोडं वाढवत न्यायचं. एक वेळ अशी येते की गाय ढकलून पाहते, मागे सरते आणि नाद सोडून देते. तिथे तिचा भाव कळला.

पण आकडा एकटा काही सांगत नाही. गाय अमुक किलो ढकलते म्हणजे खूप की कमी? तुलनेला काहीतरी हवं. म्हणून त्याच फाटकापलीकडे एकदा कुरण ठेवलं आणि एकदा धारेनंतरचा ताजा खुराक. धार काढून आलेली गाय ताज्या गव्हाणीकडे कशी झेपावते, हे ज्याने पाहिलंय त्याला या मापाचा अर्थ लगेच कळेल. निकाल असा: ताज्या खुराकासाठी गाई जेवढा जोर लावत होत्या, तेवढाच जोर त्यांनी बाहेर पडण्यासाठी लावला.

म्हणजे भाकरी. निदान भाकरीच्या तोडीचं काहीतरी.

मग पुढचा प्रश्न. बाहेर म्हणजे नेमकं काय हवंय, मोकळी हवा की गवत? याच गटाच्या आणखी एका प्रयोगात गाईंना रात्री गोठ्याबरोबर कधी कुरण दिलं, तर कधी वाळू पसरलेलं उघडं आवार. कुरण होतं तेव्हा रात्रीचा सुमारे ९० टक्के वेळ गाई बाहेर होत्या. वाळूचं आवार होतं तेव्हा निम्म्याहून थोडा कमी. तेव्हा मोकळी हवा हवी होतीच, पण गवताचं पारडं जड होतं. हा प्रयोग लक्षात ठेवा, आपल्याकडच्या गोठ्यांशी याचा संबंध आहे आणि त्याकडे मी येणार आहे.

रात्रीच का?

याचं उत्तर शोधायला गाय बसते कशी ते नीट पाहावं लागेल. आपण रोज पाहतो आणि तरी पाहत नाही.

बसताना गाय आधी मान खाली घालून जमीन हुंगते. मग पुढचे दोन्ही गुडघे टेकते, क्षणभर नमस्कार घातल्यासारखी थांबते, आणि मागचा भाग एका बाजूला सोडून देते. सहाशे किलोंचं धूड शेवटचा वीतभर पल्ला जवळजवळ पडतंच. उठताना क्रम उलटा: गुडघ्यांवर भार घेऊन मान आणि डोकं पुढे झोकते, त्या झोकाने मागचा भाग वर उचलला जातो, आणि सगळ्यात शेवटी पुढचे पाय सरळ होतात. घोडा याच्या उलट, आधी पुढचे पाय उभे करतो. या पुढच्या झोकाला तोंडासमोर दोन-अडीच फूट रिकामी जागा लागते. ती नसेल, समोर भिंत असेल, पाइप असेल किंवा दावं आखूड असेल, तर गाय घोड्यासारखी अवघडत पुढून उठायचा प्रयत्न करते. नाहीतर उठायचे कष्ट नकोत म्हणून बसतच नाही. तुमच्या ओळखीच्या गोठ्यात एखादी गाय कुत्र्यासारखी ढुंगणावर बसलेली दिसली तर ती आळशी नसते, तिला पुढे जागा मिळालेली नसते.

दुभती गाय दिवसाला दहा-बारा तास बसते. ही चैन नव्हे. डेन्मार्कमध्ये गाईंचा मोकळा वेळ मुद्दाम कमी करून पाहिला. बसणं, खाणं आणि एकमेकींत मिसळणं यांपैकी काय सोडायचं ते त्यांनी ठरवायचं. गाईंनी बसण्याचा वेळ जमेल तेवढा राखला आणि खाण्याच्या वेळेला कात्री लावली. बसून रवंथ चालतो, खुरांना विसावा मिळतो. आणि सगळ्यांनी एकत्र बसणं हाही कळपाचा स्वभाव. कप्प्यांच्या गोठ्यात शेजारीण चिकटून असते, आडदांड गाय दबकी असलेलीला उठवून लावते. कुरणात जागेसाठी भांडण नाही, समोर भिंत नाही, खाली सिमेंट नाही.

लंगड्या गाईंवरचा एक प्रयोग याला जोड देतो. २००७ मध्ये अगासीलाच लंगडणाऱ्या गाईंना चार आठवडे कुरणात ठेवलं, बाकीच्या गोठ्यातच ठेवल्या. कुरणातल्या गाईंची चाल आठवड्यागणिक सुधारत गेली. गंमत म्हणजे त्या गोठ्यातल्यांपेक्षा बसल्या *कमी*. त्यामुळे फायदा आरामाचा नसून पायाखालच्या जमिनीचा असावा, असा निष्कर्ष निघाला. आणि हेही सांगायला हवं की कुरणातल्या गाईंचं दूध घटलं. त्याकडे पुढे येऊ.

दिवसा गोठा का, याचं उत्तर पोटात आहे, अक्षरशः. गाईचं कोठीपोट म्हणजे आंबवण्याचं मोठं पिंप. त्यात वैरण आंबते आणि उष्णता तयार होते. जितकं जास्त दूध तितका जास्त खुराक, आणि तितकी भट्टी जास्त पेटलेली. होल्स्टीन जातीच्या दुभत्या गाईला साधारण २५ अंशांच्या वर जड जाऊ लागतं. हवा दमट असेल तर त्याच्याही आधी. आपल्याला गुलाबी वाटणारी हवा तिला उकाड्याची असते. न्यूझीलंडमध्ये गाई वर्षभर कुरणातच असतात. तिथल्या एका प्रयोगात बारा तास बसू न दिलेल्या, दमलेल्या गाईंपुढे उन्हाच्या दिवशी पर्याय ठेवला: सावलीत उभं राहा किंवा उन्हात बसा. त्यांनी सावलीत उभं राहणं पत्करलं. बसण्यासाठी खाणं सोडणारं जनावर सावलीसाठी बसणंही सोडतं.

तर मग गाईच्या बाजूने पाहिलं की सगळं सरळ दिसतं. दिवसा छत म्हणजे सावली, आणि भरलेली गव्हाण. रात्री आभाळ म्हणजे गारवा, आणि बसायला मऊ, मोकळी जमीन. तिने घर आणि रान यांतलं एक निवडलंच नाही. दार उघडं असणं निवडलं.

पण गाय म्हणते ते सगळं खरं मानायचं का?

नाही. कोवळ्या ज्वारीत घुसलेली गाय हाकलताना धावलेल्या कुणालाही हे विचारा. कोवळ्या ज्वारीत विष असतं, आपण त्याला किराळ लागणं म्हणतो. पोटात जाऊन त्याचं सायनाइड होतं आणि गाय बघता बघता आडवी होते. तिला तीच ज्वारी सगळ्यात जास्त आवडते. धान्याचं पोतं उघडं सापडलं तर पोटात आम्ल वाढून मरेपर्यंत खाईल. आवड आणि हित यांची गाईतही फारकत असते, आपल्यात असते तशीच.

शिवाय कुरणाचे स्वतःचे जाच आहेत: गोचीड, माश्या, जंत, चिखल, आणि उन्हाळ्यात उभं वाळलेलं गवत. दिवसाला पस्तीस-चाळीस लिटर देणाऱ्या गाईचं पोट नुसत्या गवतावर भरत नाही. ती दिवसभर चरली तरी तेवढी ऊर्जा गवतातून येत नाही, मग दूध उतरतं नाहीतर अंग उतरतं. या गाई आपणच अशा घडवल्या की त्यांना गव्हाण सुटत नाही. यात दोष गाईचा नाही आणि कुरणाचाही नाही.

म्हणून संशोधक आणखी एका वाटेने गेले: गाय काय निवडते याऐवजी तिचं मन कसं आहे ते पाहायचं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात अँड्र्यू क्रम्प आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे केलं. त्याच गाई अठरा दिवस रात्री कुरणात आणि अठरा दिवस पूर्ण वेळ गोठ्यात, अशा दोन पाळ्या. गाईंना शिकवलं की अमुक जागी गेलं की खाऊ मिळतो आणि तमुक जागी मिळत नाही. मग मधल्याच जागी भांडं ठेवायचं. जी गाय ‘असेल काहीतरी’ म्हणून जाते ती आशावादी, जी जात नाही ती निराश, अशी कल्पना. अर्धा पेला भरलेला की रिकामा, त्यातला प्रकार.

मधल्या जागांच्या बाबतीत दोन्ही पाळ्यांत फरक दिसला नाही. दिसला तो भलतीकडेच: जिथे खाऊ नक्की आहे हे माहीत होतं, तिथे कुरणाच्या पाळीत गाई *हळू* गेल्या. संशोधकांनी अर्थ लावला तो असा, की ज्यांच्या आयुष्यात सुख जास्त त्यांना एका घासाची तेवढी हाव नसते. पंगत बसली की कोण धावतं आणि कोण सावकाश हात धुऊन येतं, त्यावरून घरचं कळतं तसं. अर्थ पटण्यासारखा आहे, पण मला तो किंचित ओढून आणलेला वाटतो. रात्रभर गवत खाऊन पोट भरलेलं असेल हेही एक साधं कारण असू शकतं. फाटकाचा प्रयोग मला जास्त भरवशाचा वाटतो. तिथे अर्थ लावायला फारसं काही उरत नाही: गाय ढकलते किंवा ढकलत नाही.

युरोपातल्या काही देशांनी या वादाची वाट पाहिली नाही. स्वीडनमध्ये १९८८ च्या कायद्यापासून दुभत्या गाईंना उन्हाळ्यात बाहेर चरायला मिळालंच पाहिजे. वसंतात गोठे उघडतात त्या दिवशी गावोगावची माणसं मुलाबाळांना घेऊन बघायला जातात, कारण महिनोन्‌महिने आत असलेल्या भारदस्त गाई वासरांसारख्या उधळतात, शेपट्या वर करून उड्या मारतात. नेदरलँड्समध्ये ‘कुरणाचं दूध’ असा शिक्का असलेलं दूध मिळतं. त्यासाठी गाई वर्षातले किमान १२० दिवस, रोज किमान सहा तास बाहेर असाव्या लागतात. हे सहा तास बहुधा दिवसाचे असतात. म्हणजे पिशवीवरच्या चित्रात ऊन असतं, हिरवळ असते, गाय असते. गाईने स्वतः निवडलेली वेळ रात्रीची, पण ती पिशवीवर काळीकुट्टच दिसणार, विकणार कशी?

आपल्या दावणीला

पश्चिम महाराष्ट्रात संकरित गाय आली तेव्हा ती दावणीला आली. गायरानं आटली, ऊस वाढला, चारायला माणूस मिळेना, आणि दिवसाला वीस लिटर देणारी लाखाची गाय डोंगरात सोडायचा जीवही होईना. खिल्लार किंवा डांगी गाय उन्हापावसात रान फिरून येते, तिची घडणच तशी. अकोले तालुक्यातल्या डोंगरी पावसात डांगी बिनधास्त चरते. होल्स्टीनला ते झेपत नाही. त्यामुळे वीतभर दावं, पुढे गव्हाण, मागे गटार, आणि चोवीस तास सिमेंट, हा नमुना रुळला. ती जन्मभर एकाच जागी उभी-आडवी होते. तिला कुणी काही विचारलं नाही, हे खरं. पण शेतकऱ्यालाही पर्याय होते असं नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरेच जण मुक्तसंचार गोठ्याकडे वळले. दावी सोडायची, भोवती कुंपण घालायचं, एका बाजूला छत आणि गव्हाण, मध्ये पाण्याची टाकी, बाकी आवार उघडं. आपल्याकडे शिफारस आहे ती एका गाईमागे छताखाली साडेतीन चौरस मीटर आणि उघड्यावर सात. लोक वळले ते गाईच्या मनासाठी नव्हे, मजुरी वाचते म्हणून: रोज सोडा-बांधा नाही, पाणी पाजायला नको, शेण दिवसातून चार वेळा भरायला नको. गाई माजावर आलेल्या लगेच कळतात. त्यात गाईचीही सोय झाली.

आता वाळूच्या आवाराचा तो प्रयोग आठवा. मुक्तसंचार गोठा म्हणजे कुरण नव्हे, ते मातीचं आवार आहे. त्या प्रयोगाच्या हिशोबाने गाईला हवं त्यातलं निम्मं. गवत नाही, पण मोकळी हवा आहे, पुढे झोकायला जागा आहे, आणि मुख्य म्हणजे छत आणि आभाळ यांतलं काय हवं ते तिचं तिला ठरवता येतं. आपल्याकडे कुरणाची गोष्ट करणं बहुतेकांना परवडणारं नाही. पण आवाराची तर करता येते, आणि गाय तिथे रात्री काय करते ते कुणालाही टॉर्च घेऊन बघता येतं.

मामाने तीन वर्षांपूर्वी दावी सोडली. बिबट्यासाठी आठ फुटी चेनलिंक जाळी, वर काटेरी तार, रात्रभर दिवा. छताखाली दोन मोठे पंखे लावले. स्वतः पंख्याखाली झोपतो, तेव्हा गाईंनाही रात्रीचा पंखा हवा, असा त्याचा साधा हिशोब. दिवसा मात्र ‘उजेडी कसला पंखा’ म्हणून बंद.

यंदा एप्रिलमध्ये मी तिकडे होतो. दुपारी दोन वाजता चौदाच्या चौदा गाई पत्र्याखाली दाटीवाटीने उभ्या, जिभा बाहेर, बरगड्या भात्यासारख्या हलताहेत. आवारात एकही नाही. रात्री अकराला टॉर्च घेऊन गेलो तर चित्र पालटलेलं. बारा गाई उघड्यावर पसरून बसलेल्या, एकमेकींपासून हातभर अंतर राखून, आणि अंधारात रवंथाचा तो ओला, एकसुरी आवाज. दोन तेवढ्या छताखाली. त्यातली एक आठवड्यापूर्वी व्यायलेली, तिचं वासरू पलीकडच्या खोलीत होतं. मामाचं वासराबद्दलचं म्हणणं तिथल्या तिथे खरं ठरलं. दोनच्या सुमाराला वळीव आला. पहिल्या थेंबांना कुणी दाद दिली नाही. मग जोर वाढला तशा एकेक उठल्या, आधी मागून, मग पुढून, आणि सावकाश आत गेल्या. पाऊणएक तासाने पाऊस थांबला, तेव्हा चार-पाच पुन्हा ओल्या मातीच्या कडेकडेने बाहेर आल्या.

सकाळी मामाला दाखवलं: रात्रभर दोन पंखे रिकाम्या सिमेंटवर वारा घालत होते. त्याने आधी मान्य केलं नाही. तीन रात्री स्वतः उठून पाहिलं, मामीच्या शिव्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी काही न बोलता बटणाचा बोर्ड गोठ्यातून काढून ओसरीवर आणून लावला. आता सकाळी अकराला पंखे सुरू होतात आणि संध्याकाळची धार संपली, गाई आवाराकडे वळल्या की बंद.